तक्रार न करणारा पट्टा

बेळगावच्या डॉक्टरमंडळींत मोटारीच्या बाबतीत दोन पंथ आहेत. पहिला, दर पाच-सहा वर्षांनी जुनी गाडी विकून नवी घेणारा. दुसरा, एकदा जीव जडलेली गाडी सोडायला तयार नसणारा. मी दुसऱ्या पंथातला. माझी होंडा सिटी २००१ सालची आहे आणि नोंदणीची पहिली पंधरा वर्षे पुरी झाल्यापासून दर पाच वर्षांनी आरटीओच्या अंगणात उभी राहून ती आपला प्रकृतीचा दाखला नव्याने मिळवीत आली आहे. गेल्या फेब्रुवारीत तिचा टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप मी टिळकवाडीतील घराच्या अंगणात स्वतःच्या हाताने बदलला. ही वार्ता मित्रांत पसरल्यावर जी थट्टा झाली ती झालीच. परंतु त्या थट्टेत दोन आक्षेप असे होते की त्यांचे उत्तर चहाच्या टेबलावर देऊन भागणारे नव्हते. पहिला असा की, चालू असलेली गाडी उघडायचीच कशाला? आणि दुसरा, अधिक बोचरा : रुग्णांना घरगुती उपचारांपासून परावृत्त करणाऱ्या डॉक्टराने स्वतः मात्र घरच्या घरी इंजिन उघडावे, हे कोणत्या तर्कात बसते? स्मरणिकेच्या संपादकांनी जागा देऊ केली, तेव्हा हे उत्तर लिहूनच द्यावे असे ठरवले.

ज्यांनी आयुष्यात बॉनेट केवळ पाणी घालण्यापुरते उघडले असेल, त्यांच्यासाठी थोडी शरीररचना सांगितली पाहिजे. इंजिनाच्या तळाशी क्रँकशाफ्ट असतो, तो पिस्टन वर-खाली होण्याने फिरतो. माथ्यावर कॅमशाफ्ट असतो, तो व्हॉल्व्ह उघडतो आणि मिटवतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा बरोबर एक फेरा झाला पाहिजे, आणि तोही ठरलेल्या क्षणी. हा ताल सांभाळणारी पूर्वी साखळी असे किंवा दंतचक्रे असत. १९६२ साली जर्मनीतील ग्लास कंपनीने आपल्या १००४ या गाडीत प्रथमच त्या जागी दाते असलेला रबरी पट्टा बसवला. पट्टा हलका, स्वस्त, आवाज न करणारा आणि वंगणाची अपेक्षा न ठेवणारा. त्यामुळे पुढील दशकांत तो असंख्य गाड्यांत शिरला. काचतंतूंच्या दोऱ्यांवर रबर चढवून केलेली ही दीड बोट रुंदीची वस्तू हातात घेतली तर विश्वास बसत नाही की सगळे इंजिन तिच्या भरवशावर आहे.

तिच्या श्रमाचा हिशेब एकदा मी गंमत म्हणून मांडला होता. ताशी सरासरी ४० किलोमीटर वेग आणि मिनिटाला २००० फेरे धरले, तर ८० हजार किलोमीटरांत क्रँकशाफ्ट सुमारे २४ कोटी वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट १२ कोटी वेळा. मिनिटाला ७२ ठोके देणारे हृदय वर्षाला पावणेचार कोटींच्या आसपास ठोके देते. म्हणजे हा पट्टा तीन वर्षांहून अधिक काळाच्या हृदयक्रियेएवढे काम करतो, आणि हृदयाला मिळते तशी पेशींच्या डागडुजीची सोय त्याला मुळीच नाही.

आता पहिल्या आक्षेपाकडे येतो. गाडीचे बहुतेक भाग मरण्यापूर्वी कण्हतात. ब्रेकचे पॅड करकरतात, बेअरिंग घोंगावते, क्लच घसरू लागतो, बॅटरी थंडीच्या सकाळी कुरकुरते. टायमिंग बेल्ट मात्र पुष्कळदा काहीही सांगत नाही. झाकणामागे, नजरेआड, तो शेवटच्या क्षणापर्यंत निष्ठेने फिरतो आणि मग दाते सोडतो किंवा तुटतो. जुन्या पट्ट्यांवर निदान भेगा दिसत. हल्लीच्या अधिक टिकाऊ रबरावर आयुष्य संपत आले तरी भेग दिसेलच अशी खात्री नाही. माझ्या गाडीसारख्या इंजिनात पिस्टन आणि उघडे व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने वावरतात. ताल चुकला की ते एकमेकांवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि काही शे रुपयांच्या रबराने वाचणारे काम इंजिनाचे हेड उतरवण्यापर्यंत जाते.

हे वर्णन ऐकून कोणत्या व्याधीची आठवण होते, हे डॉक्टरांना सांगायला नको. रक्तदाबाचा रुग्ण समोर बसून म्हणतो, ‘मला काही त्रास होत नाही, मग रोज गोळी कशाला?’ त्याला आपण किती वर्षे, किती परींनी समजावत आलो आहोत! परंतु तोच समजावणारा डॉक्टर आपल्या गाडीच्या बाबतीत त्या रुग्णाच्या खुर्चीत जाऊन बसतो. ‘डॉक्टरसाहेब, चालत्यात की ओ गाडी, मग कशाला उघडतायसा?’ असे आमचे मिस्त्री मला म्हणाले, तेव्हा मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्याकडे येणारी शंभर माणसे बिघाड झाल्यावरच येतात. बिघडण्याआधी येणाऱ्याविषयी संशय वाटणे स्वाभाविक आहे. मला नवल वाटते ते हेच वाक्य एखाद्या एम.डी. झालेल्या मित्राच्या तोंडून ऐकताना.

आमच्या वर्गाच्या बाबतीत आणखी एक फसवी गोष्ट आहे. आपल्या गाड्या फार धावत नाहीत. घर ते दवाखाना, दवाखाना ते नर्सिंग होम, कधी शहापूर, कधी कॅम्प. वर्षाचे पाच-सहा हजार किलोमीटर झाले तरी पुष्कळ. पुस्तिकेत पट्टा बदलण्याचा आकडा ८० हजार किंवा लाख वाचून आपण निश्चिंत होतो आणि त्याच ओळीत पुढे लिहिलेली वर्षांची मर्यादा वाचतच नाही. रबर केवळ धावून झिजत नाही, ते नुसते जगूनही म्हातारे होते. इंजिनाची उष्णता, थंड-गरम होण्याचे चक्र, एखाद्या ऑइल सीलमधून पाझरणारे तेल, या सर्वांचा हिशेब किलोमीटरमध्ये होत नाही. माझा उतरवलेला पट्टा पाच वर्षांचा होता, धाव जेमतेम तीस हजार. तो आणखी दोन वर्षे टिकला असता काय? कदाचित टिकला असता. या ‘कदाचित’वर गाडी चोर्ला घाटात न्यायची की नाही, एवढाच प्रश्न होता.

चोर्ला घाटाचा उल्लेख मी अकारण केलेला नाही. आमच्या एका भूलतज्ज्ञ मित्राची गाडी पणजीला जाताना जांबोटी आणि कणकुंबी यांच्या दरम्यान, पावसात, क्षणार्धात बंद पडली. पट्टा तुटला होता. इंजिन थांबताच स्टीअरिंग जड झाले आणि ब्रेकला मिळणारी निर्वाताची मदत दोन-तीन दाबांत संपली. मागून येणारा ट्रक सावध होता म्हणून निभावले. पुढे हेड उतरवावे लागले, बरेच व्हॉल्व्ह वाकलेले निघाले आणि गाडी तीन आठवडे गॅरेजात राहिली. खेदाची गोष्ट अशी की त्या गाडीच्या कागदांत ‘टायमिंग बेल्ट तपासला’ अशी नोंद दोन वेळा होती. कोणी तपासला, झाकण उघडून की नुसता मनात, हे कळायला मार्ग नव्हता. गॅरेजचे नाव घेण्यात अर्थ नाही. अशी नोंद कुठेही होऊ शकते.

आता वॉटर पंपाचा मुद्दा. माझ्या गाडीत हा पंप टायमिंग बेल्टच फिरवतो, त्यामुळे तो त्याच झाकणामागे दडलेला असतो. त्यापर्यंत पोचायचे म्हणजे पट्टा उतरवलाच पाहिजे. म्हणून प्रघात असा की पट्टा बदलताना पंपही बदलावा, तो गळत नसला तरी. यावर आमच्या एका शल्यविशारद ज्येष्ठांनी मला गाठले. म्हणाले, ‘अहो, हे म्हणजे पित्ताशयासाठी पोट उघडावे आणि जाता जाता निरोगी अपेंडिक्स काढून टाकावे तसे झाले. ती रीत आपण सोडली ना?’ आक्षेप मार्मिक होता. एके काळी ती रीत खरोखरच रूढ होती आणि पुढे सरसकट तसे करणे मागे पडले. निरोगी अवयव काढण्याचे समर्थन अवघड, शिवाय त्या क्षुल्लक मानलेल्या अपेंडिक्सचाही उपयोग निघाला. मित्रोफानॉफ यांनी १९८० साली मूत्राशयापासून त्वचेपर्यंतचा मार्ग तयार करण्यासाठी ते वापरण्याची पद्धत मांडली, हे त्या ज्येष्ठांनीच मला पूर्वी शिकवले होते.

परंतु पंप आणि अपेंडिक्स यांच्यात मला महत्त्वाचा भेद दिसतो. अपेंडिक्स बहुसंख्यांच्या शरीरात आयुष्यभर स्वस्थ पडून राहते. पंपाचे बेअरिंग आणि त्यातील सील मात्र झिजण्याच्या वाटेवरच असतात. प्रश्न फक्त केव्हा, एवढाच. आणि तो गेला की एकटा जात नाही. सीलमधून गळणारे कूलंट पट्ट्यावर पडते; बेअरिंग जखडले तर पट्टा त्यावर घासून तुटतो. म्हणजे नवा पट्टा जुन्या पंपाच्या स्वाधीन करायचा! पंपाची किंमत एकूण खर्चात मोठी नाही. खरा खर्च तिथवर पोचण्याच्या श्रमाचा आहे. आमच्या आणखी एका सहकाऱ्याने पैसे वाचवण्यासाठी केवळ पट्टा बदलून घेतला. दीड वर्षात पंप गळू लागला, तेव्हा तेच सर्व पुन्हा उघडावे लागले आणि मजुरी दुसऱ्यांदा मोजावी लागली. म्हणून मी पंप, टेन्शनर आणि पट्टा हे एकच काम मानतो. याच न्यायाने ‘आता उघडलेच आहे तर’ म्हणून अल्टरनेटर, रेडिएटर, सगळे होज बदलायला निघालेल्या उत्साही मंडळींशी मात्र माझे पटत नाही. ते भाग बाहेरून दिसतात, त्यांची लक्षणे कळतात. त्यांना त्यांच्या लक्षणांची वाट पाहू द्यावी.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. पडद्यावर चार चित्रे पाहून स्वतःचे निदान करून येणाऱ्या रुग्णाला आपण मनातल्या मनात हसतो. मग पाना हाती घेतलेला डॉक्टर त्याहून वेगळा कसा? याचे उत्तर मला हे काम करतानाच मिळाले. देहाच्या बाबतीत उपचार बरोबर झाला की चूक, हे कळते ते उपचार देऊन झाल्यावर. या यंत्रात तशी स्थिती नाही. सगळे जोडून झाल्यावर, चावी फिरवण्यापूर्वी, स्पार्क प्लग काढून ठेवावेत आणि लांब दांड्याच्या पान्याने इंजिन हाताने सावकाश फिरवावे. ताल इतका चुकला असेल की व्हॉल्व्ह पिस्टनला भिडावेत, तर तो अडथळा मनगटाला जाणवतो. तिथेच थांबले तर काही वाकत नाही. अडथळा नसला तरी पूर्ण फेरे झाल्यावर खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत. एका दात्याची चूकसुद्धा तिथे उघडी पडते. ज्या कामात चूक घातक ठरण्याआधी ती पाहण्याची अशी मुभा आहे, ते काम शिकाऊ माणसाने, जाणकार शेजारी असताना, करायला हरकत नाही असे माझे मत आहे. अशी रंगीत तालीम आपल्या शस्त्रक्रियांना मिळती तर!

जाणकार माझ्या शेजारी होते. उद्यमबागेतील एका कारखान्यात आयुष्य घालवलेले निवृत्त टर्नर आमच्या गल्लीत राहतात. आमच्या गावाला फौंड्री आणि लेथ यांचे वरदान आहे आणि आपण डॉक्टरमंडळी त्याचा उपयोग फारसा करून घेत नाही. या होंडाच्या क्रँक पुलीचा बोल्ट इतका घट्ट बसतो की साध्या पान्याला दाद देत नाही. पुली धरून ठेवायला तिच्या षट्कोनी खाचेत बसणारे खास हत्यार लागते. ते त्यांनी एका दुपारी लेथवर करून आणले आणि वर म्हणाले, ‘डॉक्टर, हे तुमच्या हाडाच्या डॉक्टरांस्नी दाखवू नकोसा, मागून न्हेतील.’

प्रत्यक्ष काम दोन सुट्यांचे. ते येथे पायरीपायरीने सांगत नाही, कारण प्रत्येक इंजिनाचे पुस्तक वेगळे आणि ते समोर असल्याखेरीज कोणी हात घालू नये. डावे पुढचे चाक उतरवले, थंड इंजिनातून कूलंट काढले, इंजिनाखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅकचा आधार दिला आणि मग बाजूचे माउंटिंग सोडले. या जातीच्या होंडा इंजिनाचे एक वैशिष्ट्य असे की ते पुलीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. बहुतेक गाड्यांची सवय झालेला हात नकळत उलटा जातो आणि पट्ट्याचा ताण चुकीच्या बाजूला पडतो. क्रँकची पांढरी खूण काट्यासमोर, कॅमच्या चाकावरची ‘अप’ ही अक्षरे वर, आणि मग पट्टा चढवायचा तोही क्रमाने : आधी क्रँक, मग टेन्शनर, मग पंप, शेवटी कॅम. ताण देण्यासाठी कॅमचे चाक तीन दाते पुढे नेऊन टेन्शनरचा बोल्ट आवळायचा. त्या तीन दात्यांसाठी आम्ही दोघे म्हातारे श्वास रोखून उभे होतो.

बोल्ट काढले तसे पुठ्ठ्यावर चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवले होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी सुरक्षा-यादी दिली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ‘हे काय शाळकरी’ म्हणून नाके मुरडली होती. अंगणात पंपाचे बोल्ट, त्याची रबरी रिंग आणि झाकणाचे लहानमोठे स्क्रू मोजताना ती यादी मला फार शहाणी वाटली. पान्याने ‘पुरेसे’ आवळणे आणि टॉर्क रेंचने सांगितल्याइतके आवळणे यांतील अंतर पाच लहान बोल्टांवर बसणाऱ्या पंपाइतके दुसरे कोणी शिकवीत नाही. ॲल्युमिनियमच्या अंगात आटा गेला की गेला.

दोन धोक्यांविषयी मात्र विनोद नको. जॅक हे गाडी उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. खाली भक्कम स्टँड लावल्याशिवाय देहाचा कोणताही भाग गाडीखाली जाता कामा नये. चेंगरलेल्या छातीचे रुग्ण आपणच अपघात विभागात पाहिलेले आहेत. दुसरा धोका कूलंटचा. त्यातील इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असते. प्रौढ माणसाच्या जिवाला साधारण शंभर मिलिलिटर पुरते, लहान मुलाला किंवा गल्लीतल्या कुत्र्याला त्याहून फार थोडे. यकृतात त्याचे ग्लायकोलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल होते, मूत्रपिंडात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे स्फटिक साचतात, आणि सुरुवातीला रुग्ण केवळ प्यायल्यासारखा दिसतो म्हणून मौल्यवान तास वाया जातात. फोमेपिझोल आपल्याकडे सहज हाती लागत नाही. इथेनॉल आणि डायलिसिस यांवरच भिस्त ठेवावी लागते. म्हणून उघडी परात अंगणात ठेवून जेवायला जाणारा डॉक्टर मला क्षम्य वाटत नाही. जुने कूलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरावे, त्यावर ठळक लिहावे, गटारात ओतू नये.

हे सर्वांनी करावे असे माझे म्हणणे नाही. २००३ साली आलेल्या पुढच्या सिटीत पट्टा जाऊन साखळी आली. तिथे हा प्रश्नच उरला नाही. काही अलीकडच्या इंजिनांत तेलात भिजलेला पट्टा असतो, काही डिझेल इंजिनांत क्रँक आणि कॅम जखडून ठेवणाऱ्या खास पिना नसतील तर हात लावणे म्हणजे उपद्व्याप. अशी गाडी असेल तर काम अवश्य गॅरेजात द्यावे. मात्र देताना तीन गोष्टी मागाव्यात. पंप आणि टेन्शनर यांचा समावेश, काढलेले जुने भाग पिशवीत घालून परत, आणि तारीख व किलोमीटर लिहिलेली चिठ्ठी झाकणावर. आपण बायॉप्सीचा अहवाल मागतो, त्यात डॉक्टरांना अपमान वाटत नाही. मिस्त्रींनाही वाटणार नाही, विचारण्याची रीत तेवढी बरी असावी.

आणि ज्यांना स्वतः करायचे आहे त्यांच्यासाठी आपल्या संस्थेकडे एक सूचना करतो. टॉर्क रेंच, चार स्टँड, एक भक्कम जॅक आणि सॉकेटचा पूर्ण संच, इतकी हत्यारे प्रत्येकाने विकत घेऊन माळ्यावर गंजत ठेवण्यापेक्षा संस्थेच्या कपाटात एक पेटी असावी. सभासदाने वहीत सही करून न्यावी. क्रँक पुली धरण्याचे ते लेथवर केलेले हत्यार मी या पेटीत आजच टाकतो. हाडाच्या डॉक्टरांनीही न्यावे. परत आणताना ग्रीस पुसून आणावे, एवढीच अट.